उचलवाटेचा नियम

थंडर बे
१४ मार्च १९९३

प्रिय हिल्मा,

तुझी बहीण साइमा जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून मी तुला फक्त नाताळची कार्डं धाडली, तीही दोन ओळींची. आज जाड पाकीट हाती पडल्यावर तू ओळखलं असशीलच, की मेहुण्याचं काहीतरी अडलंय. अडलंच आहे.

मी आता म्हाताऱ्यांच्या इमारतीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून अख्खं सुपीरियर सरोवर दिसतं, पण खिडकी चार बोटांच्या वर उघडत नाही. इथली माणसं दिवसभर हवेबद्दल बोलतात आणि हवेत कुणी जात नाही. मी भिंतीला नकाशे ठोकलेत. न्याहारी झाली की खुर्चीत बसतो आणि केटल नदी उतरतो. अठ्ठ्याऐंशीव्या मैलाला रेल्वेगाडी थांबवायची, होडी पाण्यात सोडायची, धबधब्यांपाशी होडी उचलून जमिनीवरून न्यायच्या तीन उचलवाटा पार करायच्या आणि सहाव्या दिवशी बुशारच्या खोपीत चूल पेटवायची. या हिवाळ्यात अकरा वेळा जाऊन आलो. खुर्चीत माश्या चावत नाहीत, एवढाच त्या प्रवासाचा दोष.

गेल्या वर्षी छाती उघडून शिवली, म्हणून उन्हाळा बुडाला. यंदा जायचंच. चाळीस दिवस, एकटा, १९५१ पासून जातो तसा. पण भाड्याच्या होड्यांचं दुकान आता आयरीनच्या हातात, आणि माझी होडी तिच्या शेडमध्ये कुलपात. मागायला गेलो तर लेक म्हणते, "बाबा, दारावरची पाटी वाचा."

"मीच रंगवलीये ती."

"म्हणूनच वाचा म्हणते."

पाटी तुला तोंडपाठ असेल. 'ज्याला होडी जमिनीवरून खांद्यावर घेऊन तीनशे पावलं चालता येत नाही, त्याने एकट्याने नदीवर जाऊ नये.' मे महिन्यात बर्फ फुटलं की पोरगी माझी परीक्षा घेणार. चौऱ्याहत्तराव्या वर्षी! मी जेवणघरातलं घडीचं टेबल डोक्यावर घेऊन जिना चढउतार करतो. परवा नर्सने अडवलं. "मिस्टर कोर्पी, टेबल कुठे नेताय?" म्हटलं, "फिरायला. बिचारं कधी बाहेर पडत नाही."

तेव्हा तू आयरीनला चार ओळी लिही. मावशीचं ती ऐकते. परीक्षा नको, एवढंच लिही.

आणि खरं सांगू? मला कुऱ्हाडवाल्याला उत्तर द्यायचंय. तो कोण, ते पुढच्या पत्रात.

तुझा,
आर्मास


फॉक्स जंक्शन
२७ मार्च

आर्मास,

पुला, आपला फिनिश गोड पाव, भाजत होते, म्हणून उत्तराला उशीर झाला. पुला का, ते आठवतंय का बघ.

नाही आठवत? मी सांगते. मे १९८४, तुझ्या शेडचं अंगण, सहा गिऱ्हाइकं उभी. मी सत्तर वर्षांची. वीस वर्षं रेल्वेच्या कामगारांना रांधून घातलं आणि त्यांच्या चुलीची लाकडंही मीच फोडली. विधवा झाले, पेन्शन लागली. म्हटलं, आता एक सप्टेंबर नदीवर एकटीने काढायचा. तू ती पंचाहत्तर पौंडांची होडी माझ्यापुढे टाकलीस. मी गुडघ्यापर्यंत आणली, मांडीवर घेतली, आणि ती घसरली. सहाही जण दुसरीकडे बघू लागले. तू मात्र माझ्याकडे बघून म्हणालास, "हिल्मा, घरी जा आणि छान पुला भाज."

मी घरी गेले आणि भाजला. तेव्हापासून भाजतेच आहे.

आयरीनला मी काही लिहिणार नाही. पोरगी तुझ्याच तराजूत तुला तोलतेय, त्यात माझं काय बिघडलं?

तो कुऱ्हाडवाला कोण, ते मात्र लिही. म्हातारीला करमणूक.

हिल्मा


थंडर बे
११ एप्रिल

प्रिय हिल्मा,

पुल्याचं वाक्य मी बोललो. नाही म्हणत नाही. माझं तोंड तेव्हाही माझ्यापुढे दोन पावलं चालायचं.

पण नियम उगाच नव्हता. १९५८ साली हॅलोरन नावाचा शिक्षक माझी होडी घेऊन गेला आणि आला नाही. आम्हाला सापडला तो दुसऱ्या उचलवाटेवर, होडीखाली, पाय मोडलेला. चार दिवस उशीर झाला होता. त्याच्या बायकोला निरोप द्यायला मी गेलो. परत आलो आणि रंगाचा डबा उघडला.

असो. कुऱ्हाडवाला.

बुशार मेला तशी त्याची खोपी कुणाचीच उरली नाही. म्हणजे सगळ्यांची झाली. दाराला कुलूप नाही, चुलीशी कोरडं लाकूड आणि काडेपेटी. आपण जाळलं त्याहून जास्त फोडून ठेवायचं, आणि पत्र्याच्या डब्यातल्या वहीत तारीख-नाव लिहायचं. ज्याला ते शिकवावं लागतं त्याने रानात जाऊ नये. एकदा जानेवारीत सापळे लावणारे दोन शिकारी गारठून तिथे पोचले आणि त्या लाकडांवर जगले. नावं वहीत आहेत.

मी जुलैत जातो. १९८५ च्या जुलैत बघतो तर आदल्या सप्टेंबरात कुणीतरी येऊन गेलेलं. नाव नाही, सहीच्या जागी पेन्सिलने काढलेली छोटी कुऱ्हाड. आणि भिंतीशी लाकूड असं रचलेलं, की मी टोपी काढली! ढलप्या एकसारख्या, साल वरच्या अंगाला, मध्ये वाऱ्याला वाट. मग दरवर्षी तेच. छपराचा पत्रा गळायचा, तो बसवला. खाली लिहिलं, 'खिळे कोर्पीच्या डब्यातून घेतले. त्याला वापरायचे नव्हते असं दिसलं.' पुढच्या वर्षी, 'पिठाच्या डब्याचं झाकण उघडं टाकणाऱ्याचे उंदीर आभारी आहेत.' तो मीच होतो.

सात वर्षं मी त्याचं वाचतोय. तिशीतला गडी असणार, बैलासारखी पाठ. असाच जावई मला हवा होता. त्याची गेल्या दोन सप्टेंबरांची पानं मी वाचलेली नाहीत, हिल्मा. माणसं पत्रांसाठी जगतात, मी त्या वहीसाठी.

टेबल आता दोन जिने जातं.

आर्मास


थंडर बे
२३ मे

हिल्मा,

नापास.

शेडच्या अंगणात नऊ माणसं होती. आयरीनने कुणाला बोलावलं नव्हतं, पण ओटर स्टेशनसारख्या गावात असल्या गोष्टींना बोलावणं लागत नाही. होडी गुडघ्यापर्यंत आली, मांडीवर आली. मग छातीतली शिवण ओढली गेली आणि हात माझे राहिले नाहीत. होडी पडली. तिसऱ्या फासळीला तडा गेला, होडीच्या.

आयरीनने 'बघा, सांगत होते' म्हटलं नाही. म्हणाली असती तर मी भांडलो असतो. तिने रुमाल दिला आणि होडी आत नेली, एकटीने, खांद्यावर. तिची चाल अगदी माझी आहे.

परतताना लक्षात आलं, सगळे दुसरीकडे बघत होते. तुझ्या वेळी बघत होते तसेच.

नकाशे काढून ठेवलेत. भिंतीवर आता रंग उडालेले चौकोन आहेत. तू जिंकलीस, मेहुणीबाई. मनासारखा पुला भाज.

आ.


फॉक्स जंक्शन
३० मे

आर्मास,

चौकोन कसले बघत बसलास? नकाशे परत लाव.

जिंकले असते तर मी नाचले असते, पण मला नाचता येत नाही. गेल्या सप्टेंबरात कंबर मोडली, त्यात आता लोखंड आहे. कुठे मोडली विचार. घरात पडले असं मी आयरीनला सांगितलं, ते खोटं. दुसऱ्या उचलवाटेवर, परतीला.

हो. कुऱ्हाड माझी.

पत्र खाली ठेव, पाणी पी, मग पुढे वाच.

नऊ सप्टेंबर गेले मी, आर्मास. ज्या वर्षी तू मला घरी धाडलंस, त्याच वर्षापासून. रेल्वेच्या एका मुकादमाकडून तेरा फुटी जुनी होडी घेतली. ती अठ्ठ्याऐंशीव्या मैलाच्या खाली, देवदारांत पालथी घातलेली असते. गाडीवाला रॉय मला उतरवतो आणि तोंड मिटून ठेवतो, कारण वीस वर्षं त्याने माझ्या हातचं खाल्लंय. पडले तेव्हा शोधत येऊन मला आणि होडीला परत आणणाराही तोच. ती होडी मी एकदाही उचलली नाही. का उचलू? स्प्रूसच्या मनगटाएवढ्या बल्ल्या तोडल्या, साल काढली, वाटेवर आडव्या टाकल्या. सोललेला ओला स्प्रूस साबणासारखा असतो. छातीला पट्टा, पट्ट्याला दोर, आणि ओढायचं. पंधरा पावलं ओढते, बसते, कॉफी पिते, मागच्या बल्ल्या पुढे आणते. दुसरी उचलवाट तू एका तासात पार करतोस. मला दीड दिवस लागतो. मग? तिकडे माझी कुणी वाट बघतंय?

आणि तुझा नियम. त्या शिक्षकाचा पाय कशाने मोडला रे? होडी उचलून. उचलता येत होती म्हणूनच तो उचलून चालला आणि पडला. त्यावरून तू काय शिकलास? तर उचलणाऱ्यांनाच सोडायचं! पस्तीस वर्षं ती पाटी लटकतेय आणि कुणाच्या डोक्यात हे आलं नाही, कारण सगळे डोक्यावर होडी घेऊन फिरत होते.

साइमाला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. छातीचा पट्टा तिनेच शिवून दिला, तुझ्या रुंद चामडी पट्ट्यातून. तू वर्षभर शोधत होतास तो.

आता कामाचं. कंबर मोडायच्या आधी मी अर्धंच लाकूड फोडलं होतं. दोन दिवस पाऊस लागला, म्हटलं उद्या फोडू, आणि उद्या घाई झाली. नऊ वर्षांत पहिल्यांदा खोपीची उत्तरेची भिंत रिकामी टाकून निघाले. एक हिवाळा नशिबाने गेला. दुसरा तसा जाऊ द्यायचा नाही. माझ्याने यंदा होत नाही.

तू जा. स्वप्नं बघायला नाही. लाकूड फोडायला.

हिल्मा


थंडर बे
९ जून

हिल्मा,

पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझा राग आला. दुसऱ्यांदा साइमाचा. आठ दिवसांनी वाचलं तेव्हा असा हसलो, की शेजारच्या खोलीतल्या मिसेस डफीने नर्सला बोलावलं.

सात वर्षं मी तुझ्या लाकडांपुढे टोपी काढली! ज्याला आपण नापास केलं, त्याचं नाव आपण पासांत शोधतच नाही. मी इथे बसून तुझी पाठ बैलासारखी ठरवत होतो आणि तू माझ्याच पट्ट्याने होडी ओढत होतीस.

शिक्षकाचं तू लिहिलंस ते मी अजून गिळतोय. पस्तीस वर्षांचा घास आहे, वेळ लागेल.

आयरीनला फोन केला. कुऱ्हाडीचं सांगितलं नाही, ते तुझं तू सांग. बल्ल्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, नियम म्हणजे नियम. बल्ल्या म्हणजे पळवाट."

"पळवाट नाही गं, उचलवाटच आहे. फक्त सावकाश."

"छातीत कळ आली तर?"

"इथे आली तर काय होणार? घंटा वाजवतील आणि सूप आणतील."

ती मग म्हणाली, "होडी मिळणार नाही." मी म्हटलं, "ठेव." मला तिची होडी नकोच आहे. देवदारांत एक पालथी पडलीये, तेरा फुटी. फक्त मालकिणीची परवानगी हवी.

पुल्याबद्दल मी माफी मागतो. पत्रातून स्वस्त पडते हे माहीत आहे. उरलेली तिकडे जाऊन मागेन.

आर्मास


फॉक्स जंक्शन
२० जून

आर्मास,

परवानगी आहे. ऑगस्टच्या मध्यानंतर जा, माश्या मरू देत. रॉयला नुसतं 'हिल्माची जागा' म्हण. बल्ल्या वाटेच्या डाव्या हाताला, बर्चच्या सालीखाली झाकून ठेवल्यात. कुजलेल्या असतील त्या बदल. पट्टा आणि दोर पार्सलने पाठवलाय. पट्टा ओळखशील.

पंधरा पावलं म्हणजे पंधराच. सोळावं पाऊल हे पुरुषांचं दुखणं आहे. छातीत ओढ लागली की बस. बसलास म्हणून कुणी दुसरीकडे बघणार नाही.

आणि वहीत खरं लिही.

हिल्मा


ओटर स्टेशन
१९ ऑगस्ट

प्रिय मावशी,

बाबा इमारतीत नाहीत. तिथल्या वहीत त्यांनी 'कुठे' या रकान्यात 'बाहेर' आणि 'केव्हा परत' या रकान्यात 'बर्फाआधी' असं लिहिलंय. मी शेड उघडून बघितली, त्यांची होडी जागेवर आहे. मग ते कशातून गेले? नर्स म्हणते, जूनमध्ये तुझ्याकडून पार्सल आलं होतं आणि त्या दिवसापासून टेबल जागचं हललं नाही.

मावशी, मला रडू येतंय आणि तुमच्या दोघांचा गळा धरावासाही वाटतोय. मी दुष्ट नाही गं. मी सात वर्षांची होते तेव्हा त्या शिक्षकाला आणलं. मी बघितलंय.

काय ते सांग. तुझं उत्तर आलं की लगेच मी विमान पाठवते आहे.

आयरीन


फॉक्स जंक्शन
२१ ऑगस्ट

आयरीन, बाळ,

मला ठाऊक आहे तो कुठे आहे. माझ्या होडीत. हो, माझी होडी आहे. फोन कर, सगळं सांगते. स्टूल घेऊन बस.

विमान पाठव, पण उतरवू नकोस. वरून बघू दे. धूर दिसला तर माणूस बरा आहे. आणलंस उचलून, तर तो इमारतीत चार हिवाळे जगेल आणि रोज थोडा थोडा मरेल. तुझा बाप आहे, पण आधी तो त्या नदीचा आहे. हे तुझी आईही जाणून होती. पट्टा तिनेच शिवलाय.

मावशी


बुशारची खोपी
१६ सप्टेंबर १९९३

प्रिय हिल्मा,

हे पत्र माझ्याच खिशातून गाडीपर्यंत येईल आणि रॉयच्या हाती पडेल. तुझ्या हाती पडलं म्हणजे मी बाहेर आलोय असं समज.

सहा दिवसांचा रस्ता मी सतरा दिवसांत केला. दुसऱ्या उचलवाटेला तीन दिवस लागले. पहिल्या दुपारी तुझं ऐकलं नाही, सोळावं पाऊल टाकलं, मग सतरावं. छातीने असं पकडलं की मी दोरासकट आडवा झालो. तासभर पडून होतो. अगदी तिथेच, हिल्मा, जिथे आम्हाला हॅलोरन सापडला होता. तो खडक मी विसरणार नाही. पडल्या पडल्या त्याला म्हटलं, "मास्तर, चुकलो. ओझं खाली ठेव, एवढंच सांगायचं होतं." मग उठलो आणि पंधरा मोजले. पुढे कायम पंधराच.

ही वाट मी चाळीसएक उन्हाळे चाललो असेन, पण डोक्यावर होडी असायची, पायाखालच्या दोन हातांपलीकडे कधी दिसलं नाही. वाटेवर ब्लूबेरीचं एवढं मोठं रान आहे, हे तू कधी बोलली नाहीस. एकटीने खात होतीस.

मी वाटेवर असताना विमान एकदा झाडांवरून गेलं होतं, चार दिवसांपूर्वी पुन्हा आलं. दोन घिरट्या घातल्या. मी अंगणात लाकूड फोडत होतो. कुऱ्हाड वर करून दाखवली. वैमानिकाने पंख हलवले आणि गेला. आयरीनला सांग, मी पाहुण्यांना कॉफी विचारली असती, पण तो उतरलाच नाही.

वही वाचली. ९१ चं पान आधी, तिथे मला उद्देशून पुन्हा पिठाचा डबा. मग गेल्या वर्षीचं, तू निघायच्या आदल्या दिवसाचं. 'पाऊस. लाकूड अर्धंच. हे मला शोभत नाही. पुढच्याने भरावं. पुढचा बहुतेक कोर्पी असेल. त्याच्या ढलप्या फार जाड असतात, त्याला कुणीतरी सांगा.' हिल्मा, तू लिहिलंस तेव्हा मी इमारतीत खुर्चीत होतो, छाती शिवलेला, सगळ्यांनी निकालात काढलेला. तरी 'पुढचा' म्हणून माझंच नाव लिहिलंस.

उत्तरेची भिंत छपरापर्यंत भरली. ढलप्या बारीक, साल वर.

पण मी इतके दिवस नुसतं लाकूड फोडत नव्हतो. अर्धे दिवस दुसऱ्या उचलवाटेवर होतो. तिथल्या चढावर तुझ्या बल्ल्या फार लांब लांब आहेत, तिथेच तू पडली असणार. मी साठ नव्या तोडल्या, बारीक, हाताला पेलतील अशा, आणि त्या चढावर दीड-दीड पावलावर खाचा करून रोवल्या, म्हणजे मागच्या पुढे आणायला नकोत. दर पंधरा पावलांवर बसायला ओंडका आहे, उजव्या हाताला, उठताना धरायला खुंटी आहे. मग पट्टा उंच, काखेतून घेतला, डावा पाय लाकडाचा असल्यासारखा ताठ ठेवला आणि होडी ओढून बघितली. लोखंडवाल्या बाईला काय होईल ते बघायला नको? झालं. दोन दिवस लागले, पण झालं.

तू पुढच्या सप्टेंबरात ऐंशीची असशील. मी म्हणत नाही ये. मी एकदा तुला 'नको' म्हणून तोंड पोळून घेतलंय, आता 'ये'सुद्धा म्हणणार नाही. वाट तिथे आहे.

आयरीनसाठी वेगळी चिठ्ठी जोडतोय. पाटी तिच्या दुकानाची आहे, काय करायचं ते ती ठरवेल. मी एवढंच लिहिलंय की रंगाचा डबा डाव्या फळीवर आहे आणि झाकण घट्ट लावलंय.

उद्या पहाटे निघतो. चूल साफ केली, काडेपेटी ठेवली, पिठाचा डबा दोनदा तपासला. वहीत जे लिहिलं ते खाली उतरवून देतो. तू म्हणाली होतीस, खरं लिही.

'३१ ऑगस्ट ते १७ सप्टेंबर. लाकूड पूर्ण. दुसरी उचलवाट दुरुस्त केली आहे, होडी उचलू नये, ओढावी. घाई असलेल्यांनी दुसरी नदी बघावी.
आर्मास कोर्पी, वय ७४, नापास.'

तुझ्या कुऱ्हाडीच्या बरोब्बर खाली सही केलीये. पानावर आणखी एका कुऱ्हाडीपुरती जागा आहे.

आर्मास